एरंडीवरची अळी

“हलू नको वं,” कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून रुपराव म्हणाले.

भागीरथा कुठे हलत होती! एरंडीची फांदी धरून ती श्वास कोंडून उभी होती. फांदीवरची केसाळ अळी मात्र मजेत चालली होती. अळी थांबली तशी रुपरावांनी भिंगावरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. फोटोच्या बऱ्याच काचा वाया गेल्यावर ही एक साधली.

शेतकी कॉलेजातल्या साहेबांना पुस्तकासाठी फक्त अळी हवी होती. हात, बांगड्या, मागची भिंत, सगळं झाकून पांढरं करायचं. अळीला मात्र पेन्सिल लावायची नाही, केसन् केस दिसला पाहिजे, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. बजावण्यात अर्थ होता. काचेवरच डाग-व्रण मिटवणारी रुपरावांची पेन्सिल सगळ्या सीताबर्डीला ठाऊक होती. देवीचे व्रण असलेले मालगुजार त्यांच्या स्टुडिओतून गुळगुळीत गाल घेऊन बाहेर पडत.

दुपारी काच वाळली. नवऱ्याच्या हातून घेऊन भागीरथेनं ती उजेडासमोर धरली.

“हा माहा हात व्हय?”

“हो. आता रंगाखाली जाईन तो.”

ती काच खाली ठेवेना. गावभरचे फोटो काढणाऱ्या या माणसानं बायकोचा एकही काढला नव्हता. आज गिऱ्हाईक, उद्या ऊन नाही, असंच चाललं होतं.

“रंग लावाच्या आधी मले एक छापून द्या ना. मायले पाठवीन. तिचं काई येणं होत नाई आता. तोंड नाई तं हात तरी पाहीन ते लेकीचा.”

रुपरावांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. “देतो,” ते म्हणाले. लग्नसराईच्या कामानं मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते. तरी ते बसले. उतरत्या मेजावर काच ठेवली, आरशातून उजेड घेतला, पेन्सिलीला बारीक टोक काढलं. अळीला हात लावला नाही. बायकोच्या हातावर मात्र मन लावून काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात तिच्यासाठी एक प्रत छापली. मग अळी सोडून बाकी सगळ्यावर उजेड अडवणारा लाल रंग फिरवून साहेबांच्या प्रती छापल्या आणि काच शिपायाबरोबर कॉलेजात पाठवून दिली.

भागीरथा चुलीपुढून उठून आली. पदराला हात पुसून तिनं फोटो घेतला.

“हा कोनाचा हात व्हय?”

“तुहाच.”

तिनं आपला हात फोटोशेजारी ठेवला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत भाजल्याचा काळा डाग होता, बोटांवर भेगा होत्या. फोटोतला हात कोण्या मालगुजारणीचा असावा तसा नितळ होता.

“मायनं ओळखला पाह्यजे ना,” ती म्हणाली. “हा डाग तिच्याच चुलीवरचा आहे.”

रुपराव तिच्या हाताकडे बघू लागले. डाग दिसला की त्यांची पेन्सिल तिकडे जायचीच. तो कोणाचा, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“काच तं गेली,” ते थकून म्हणाले. “उद्या तुहाच काढतो. चांगला.”

ती चुलीकडे वळली. दोरीवर अळीची जास्तीची प्रत वाळत होती. जाता जाता ती त्या प्रतीपुढे थांबली.

“अळीचे केस तेवढे सगळे ठेवले तुमी,” ती म्हणाली, आणि भाकर करपत होती म्हणून आत गेली.