भाड्याची खोली

धाकट्या लेकीसाठी गोंदियाच्या पटल्यांचे स्थळ सांगून आले, तेव्हा देवकाबाईंनी मध्यस्थाच्या गोडव्यांवर विसंबण्यास साफ नकार दिला. अर्जुनी मोरगावहून त्या एकट्याच आल्या आणि रिक्षावाल्यांना हातानेच दूर सारत, कधी न पाहिलेल्या त्या शहरात पायी निघाल्या. पटल्यांच्या मोहल्ल्यात भाड्याची खोली पाहत असल्याची बतावणी करून त्यांनी किराणावाला, शिंपी, न्हावी अशा साऱ्यांना बोलते केले आणि बोलता बोलता विषय अलगद मुलावर नेला.

मात्र किराणा दुकानापासून हिरव्या पातळातली एक बाई भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागे लागली होती. त्या थांबल्या की तीही थांबे. परक्या शहराचा काय भरवसा! गळ्यातली पोत पदराखाली घट्ट धरून देवकाबाई गर्रकन वळल्या.

"काऊन वं, माह्या मागं मागं फिरून राहिली? कोण होय तू?"

त्या बाईने हसून डोक्यावर पदर घेतला.

"खोली पाहाले आलेली बाई पटल्याचा पोरगा दारू पिते का, हे कायले विचारंल? चला घरी विहीणबाई, चहा घ्या!"