किल्ली

"नळी बदलली तू," मच्छिंद्र म्हणाला आणि त्यानं रायफलीची पेटी अंगदच्या टेबलावर ठेवली. रागात होता, तरी ठेवली हळूच. येत्या रविवारी पुण्याला राज्याच्या संघाची निवड होती आणि त्याच्या लेकीची, संस्कृतीची, सगळी मदार त्या पेटीवर होती.

अंगदचं दुकान नगरला. नेमबाज पोरापोरींच्या मापानं हवेच्या रायफली जुळवून द्यायचा. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, त्यांनी लगेच कान टवकारले. मच्छिंद्रला तेच हवं होतं. चारचौघांत धरला की चोर चाचरतो, असं त्याचं मत.

"मामा, बसा तर खरं," अंगद म्हणाला.

"बसायला न्हाई आलो. नवरात्रात तू ही रायफल साफसफाईला ठेवून घेतली. तवाच डाव साधला. दसरा झाल्यापासनं पोरीचा एक छर्रा जागेवर बसंना. आदी डोळं झाकून मारत हुती."

संस्कृती खाली बघत उभी होती. आपल्याच हाताचा नेम गेला, असं तिच्या मनानं घेतलं होतं. निवडीला येतच नाही, असं तिनं काल रात्री आईला सांगितलं होतं. मच्छिंद्रनं ते भिंतीआडून ऐकलं, आणि तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

मुळात हा माणूस संशयी. राहात्याला पेरूची बाग. क्रेट भरताना वरचा थर निवडक लावायचा आणि खाली बारकासारका माल दडपायचा. त्यामुळं जगात सगळेच तसं करतात, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. कुणाचा भरवसा न्हाई, हे वाक्य तर त्याच्या जिभेवरच बसलेलं.

ही रायफल जुळवताना त्यानं अंगदला नुसता पिळून काढला होता. दस्त्याला अक्रोडाचं लाकूड हवं, तर मच्छिंद्रनं त्यावर नख ओढलं, वास घेतला, पाणी शिंपडून रेषा बघितल्या आणि सगळं आवडलं तरी म्हणाला, "दुसरं दाखव." दुसरं बघून पहिलंच घेतलं. मग ते समोर कापायला लावलं. घोडा शंभरदा दाबून त्याची कटकट कानाशी धरून ऐकली. परदेशी नळी आली तेव्हा ती उन्हाकडं धरून एक डोळा मिटून इतका वेळ बघत बसला, की अंगद मधे चहा पिऊन आला. शेवटी लेकीचं निळं नेलपॉलिश मागून त्यानं नळीच्या पोटाला ठिपका दिला. पोरीच्या हाताचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा टेप तिच्या आईनं धरला आणि अंगदनं लांबून आकडा वाचला. अंगदनं हे सगळं हसत सोसलं. पोरीचा हात चांगला आहे, एवढंच तो म्हणायचा.

आज मात्र तो हसला नाही. बाकावरचं एक गिऱ्हाईक उठून चालतं झालं होतं. अंगदनं रायफल बाहेर काढून उलटी धरली.

"ही बघा तुमची खूण. निळा ठिपका."

"नेलपॉलिश काय, बाजारात कुनालाबी मिळतं."

"मग घरी कुणी हात लावला असंल, मामा."

मच्छिंद्र उसळला. "माझ्या घरात? कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला हाय. पोरगी सरावाला उभी ऱ्हाती तवा मी मागं उभा असतो. खंडेनवमीला ट्रॅक्टरसंगं पूजेला मांडली, तीबी मीच मांडली, मीच पुजली, आन् आरती झाल्याबरुबर मीच आत ठेवली. बायकोला ताट धरू दिलं न्हाई. माझ्याबिगर हिला कुनाचा हात लागत न्हाई. कळलं का?"

अंगदनं नळीच्या तोंडावरचं बोटभर लांबीचं, आरपार भोकाचं टोपण फिरवायला घेतलं. हे टोपण निघतं, हे मच्छिंद्रला ठाऊकच नव्हतं. तो टेबलाला चिकटून उभा राहिला. आता हातचलाखी होणार, म्हणून त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही.

अंगदनं टोपण उजेडात धरलं. आतल्या कडेला काहीतरी चिकटलं होतं. त्यानं काडीनं ते खरवडून पांढऱ्या कागदावर पाडलं आणि कागद पुढं सरकवला.

अर्धा तुटलेला तांदळाचा दाणा. कुंकवात भिजून वाळलेला, लालभडक. जाणारा प्रत्येक छर्रा त्याला घासून वाकडा होत होता.

"पप्पा, अक्षता," संस्कृती म्हणाली. सकाळपासून तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. तिनं आपला उजवा हात समोर धरला आणि तो थरथरतो का ते बघितलं. थरथरत नव्हता. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

मच्छिंद्रला ताट आठवलं. लेकीला यश दे म्हणून, मूठभर अक्षता नेमक्या नळीच्या तोंडावर वाहिल्या होत्या. त्याला बाकाकडं बघवेना, अंगदकडं तर नाहीच.

त्यानं सदरा वर केला. करदोट्याची गाठ घट्ट होती, सुटता सुटेना. शेवटी दातानं तोडून त्यानं किल्ली काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

"ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माजा भरवसा न्हाई."