कानानं निवडलेली गाडी

जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन स्पोर्ट्स कार जुळ्या बहिणींसारख्या शेजारी उभ्या होत्या. एक साधी, दुसरी जास्त ताकदीच्या इंजिनाची. काकूंनी ना रंग पाहिला, ना किंमत विचारली. त्यांनी दोन्ही गाड्या आळीपाळीनं सुरू करायला लावल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"काकू, साधी घ्या," विक्रेता हसत म्हणाला. "ती दुसरी भारी आगाऊ आहे. आख्ख्या गल्लीला कळतं कोण आलं ते."

"साधीचा आवाज परका वाटतो रे." तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा काकूंनी दुसरीच्या बॉनेटवर हात ठेवला. "हिला जरा पुन्हा सुरू कर बघू."

इंजिन घुमलं. काकूंनी मान डोलावली. "हीच दे."

"देतो की. पण चालवणार कोण?"

 

"चालवायची नाहीच. संध्याकाळी फाटकाशी नुसती सुरू करायची. लेकाची गाडी आल्याचं ऐकल्याशिवाय आमचे हे ताटावर बसत नाहीत, आणि तो गेला हे त्यांना रोज नव्यानं सांगायचं बळ आता माझ्यात नाही."