कसं झालं

“बाबा, तिचा नवरा गेला अन् तुमी तिले हे काय विचारलं?” मैत्रेयीनं मोबाइल वडिलांसमोर धरला.

मारोती समोरच्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून बसला होता. भाव पडल्यापासून कापूस घरातच होता. मोबाइल त्याच्या बायकोचा, प्रभावतीचा. तुर्कस्तानातली एक मालिका ती हिंदीतून पाहायची. त्या मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये तिच्या देशोदेशी ओळखी झाल्या होत्या. सगळ्यांत जवळची स्वीडनची इंगा. दोघी एकमेकींना जेवणाच्या ताटाचे फोटो पाठवायच्या. प्रभावती गेली, पण तिचे फोटो, तिचं बोलणं ग्रुपमध्ये तसंच होतं. मारोती रोज ते उघडून पाहायचा.

इंगाचा नवरा गेल्याचं मैत्रेयीनं सकाळी वाचून दाखवलं आणि ती कामाला लागली. मारोती मोबाइलमध्ये बोलला, मोबाइलनं त्याचं इंग्रजी करून पाठवलं. कसं झालं? जवळ कोण होतं? शेवटचं काय खाल्लं त्यानं?

ग्रुप उसळला. एकानं लिहिलं, हा माणूस आहे की पोलीस? ग्रुप चालवणाऱ्या बाईनं बजावलं, माफी मागा, नाहीतर काढून टाकू.

“तिकडं असं विचारत नाही, बाबा. आई गेली तवा त्यायनं नुसती फुलंच पाठवली ना?”

पाठवली होती. तेच मारोतीला लागलं होतं. गावातला जो दारात आला, त्यानं विचारलं होतं, कसं झालं? आणि मारोतीनं प्रत्येकाला सकाळपासूनचं सांगितलं होतं. ग्रुपमधल्या एकानंही विचारलं नाही. प्रभावती त्यांची कोणी नव्हती, असंच तो धरून चालला होता.

“दुःखाच्या घरी जाऊन मुकाट बसाचं?” तो म्हणाला. “मंग तिनं सांगाचं कोणाले?”

मारोतीनं मोबाइल घेतला, प्रभावतीच्या एका ताटाचा फोटो पाहिला आणि परत दिला.

“लिही. चुकलं म्हणावं. अडाणी माणूस हाय म्हणावं.”

ती लिहीत असतानाच इंगाचं उत्तर आलं. लांबलचक. मैत्रेयी थांबत थांबत मराठीत सांगू लागली. नवऱ्यानं बटाट्याचं सूप मागितलं होतं. दोन चमचे घेतले आणि अळणी आहे म्हणाला. ती मीठ आणायला उठली. मीठ घेऊन वळली, तर त्याची मान कलली होती. मिठाचं तिनं अजून मुलांनाही सांगितलं नव्हतं.

“पुन्हा वाच,” मारोती म्हणाला. “मिठापासून.”

तिनं वाचलं. खाली आणखी एक ओळ होती. आमच्या प्रभाचं कसं झालं?

मारोती ढिगापासून पुढे सरकला. सदऱ्याला चिकटलेला कापूस त्यानं झटकला.

“सकाळपासून लिही. तुई माय चुलीपाशी होती. मले म्हणे, तुमी व्हा पुढं वावरात, मी मांगून येतो.”

मैत्रेयीला सगळं पाठ होतं. तिनं माफीची अर्धी ओळ पुसली.

“मंग?” तिनं विचारलं.