विनोद कळणारी भिंत

"तुला पटायचं नाही, पण ही भिंत फक्त हसणं पलीकडे सोडते," दामूअण्णा म्हणाले.

आवाज पिणाऱ्या भिंतींमुळे सगळी कॉलनी शांत होती. शेजारचा फ्लॅट दाखवायला त्यांनी आणलेले जुने मित्र टिपणीस मात्र कचरत होते. "एकटा माणूस मी. रात्री हाक मारली, तर ऐकणार कोण?"

"तू नुसता हस रे. आमच्या भिंतीला विनोद कळतात. घोरणं, रडगाणी, राजकारण सगळं गिळते ती."

तेवढ्यात भिंतीपलीकडून अण्णांच्या बायकोचा, कुमुदताईंचा आवाज आला. "भावजी, साफ खोटं आहे. तुमची हाक ऐकू यावी म्हणून यांनी सकाळीच त्या भिंतीचं बटण बंद केलंय. घर घेऊन टाका, आणि आधी चहाला या."