डावा डोळा मिटून

साल १९६८. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या खोलीत देवरावांना बसवतच नव्हतं. टोपी काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. दाराशी धाकटा भाऊ श्रावण उभा होता. थेंब घातल्यावर नीट दिसत नाही म्हणून देवरावांच्या बायकोनं, इंदूवहिनीनं, त्याला सोबत धाडलं होतं. चांदूर बाजारहून अमरावतीपर्यंत दोघं एकाच एसटीत, पण वेगवेगळ्या बाकांवर. तिकिटं मात्र श्रावणनं काढली आणि देवरावांनी ती काढू दिली. दोघांच्या वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, श्रावणनं देवरावांच्या वावरात सरकवला, असा देवरावांचा दावा कोर्टात होता. सोमवारी पेशी.

"मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाले. "उजव्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर पातळ झिल्ली धरलीय. दुधावर साय धरते तशी. ती आकसली, पडद्याला चुण्या पडल्या. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते."

"मंग काढून टाका ना साय."

"तिथवर पोचणारं हत्यार अजून मुंबईतही नाही."

"चष्मा?"

"वाकडं ठळक दिसेल, एवढंच. आंधळे नाही होणार तुम्ही. बहुतेकदा हे आहे तिथंच थांबतं. डावा डोळा ठणठणीत आहे, त्यानं भागवा. दोन्ही उघडे असले की तोच सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. वाकडं पहिल्यांदा कुठं दिसलं?"

टोपी हातात फिरायची थांबली.

"धुऱ्यावर. हद्दीच्या दगडापाशी बसलो, डावा डोया मिटला न् धुरा सरळ हाय का, सीध पाह्यली."

"डावाच का मिटलात?"

"काहून म्हंजे? सीध उजव्यानंच पाह्यतेत. आमचा बापही डावाच मिटे."

श्रावण छताकडे पाहत राहिला, जणू छत आजच घातलं होतं.

"आता उजवा झाका," डॉक्टर म्हणाले. "खिडकीचे गज पाहा."

देवरावांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. गज सरळ होते. एकूणएक.

"कसे हायेत, दादा?" श्रावणनं विचारलं.

तळहात मुकाट डाव्या डोळ्यावर सरकला.

"वाकडेच."

"बरं," श्रावण म्हणाला. "मंग पायऱ्या उतरतानी हात धर माहा."

देवरावांनी धरला. आणि दोन्ही डोळे मिटून घेतले.