‘येतो’ म्हणा

मोरिवलीत आई काम करते त्या दाताच्या दवाखान्यात मी शाळा सुटली की जाऊन बसते. कोणाचं दुखणं कुठवर जाणार, हे डॉक्टरबाई ताप, सूज आणि तोंड किती उघडतं ते बघून सांगतात. मी त्यांचे निघतानाचे शब्द ऐकून सांगते, आणि अजून एकदाही चुकलेली नाही!

निघताना सगळे ‘येतो’, ‘येते’ म्हणतात. पण सूज गळ्यात उतरली म्हणून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलेले काही पेशंट ‘जातो’ म्हणाले आणि वाचले नाहीत. त्यांचे जबडे घट्ट बसलेले होते, ओठ हललेही नव्हते. आवाज मात्र दरवेळी एकच, पुरुषाचा. त्यांच्यातल्या इंदुबाईसुद्धा ‘जातो’च म्हणाल्या.

“बाईमाणूस ‘जातो’ म्हणेल का? काहीही हं तुझं!” आई हसली होती.

आज बाबाच आले, कंपनीतून अर्धी शिफ्ट टाकून. हनुवटीखाली दगडासारखी सूज होती, दातांमधून बोट जाईना. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि आईला म्हणाल्या, “उल्हासनगरला मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ताच.”

मी रिक्षासमोर आडवी उभी राहिले. “बाबा, आधी ‘येतो’ म्हणा. त्याशिवाय सोडणार नाही.”

“तेजू, सरक! त्यांना दम लागलाय, दिसत नाही का?”

“येतो,” स्पष्ट ऐकू आलं.

“घे, म्हणाले! झालं समाधान?” आई म्हणाली.

आवाज बाबांचा नव्हता, तोच होता, इंदुबाईंच्या वेळी आलेला. बाबांचे ओठ मिटलेलेच होते. ते माझ्याकडे बघत जोरजोरात मान हलवत होते. नको, नको.